गच्चीवरच्या टॉवरचे कागद

पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी मला आत बोलावलं आणि देवघराकडे बोट केलं. समईच्या बरोब्बर वर, छताला, ताटाएवढा पिवळट डाग होता. कडेने रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि मधोमध गंजाची एक बारीक रेघ. "दर पावसाळ्यात वाढतो गं हा. सांगून सांगून थकले. सगळे म्हणतात, वर टाकी नाही, नळ नाही, मग पाणी येईल कुठून?" टाकी नव्हती हे खरं. त्या जागी मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्यांचं कपाट होतं.

जानेवारी २०१९ मध्ये मी आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि पंधरा दिवसांत महापालिकेची नोटीस आली. गच्चीवरचं टॉवरचं बांधकाम विनापरवाना आहे, ते काढून टाका, असा मजकूर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली. वर नाव होतं सोसायटीचं. टॉवर कंपनीचा, भाडं भरणारी कंपनी, मग नोटीस आम्हाला का, असं मीही आधी विचारलं. उत्तर सरळ होतं. इमारतीचा मालक सोसायटी आहे, म्हणून त्या इमारतीवर जे उभं राहतं त्याचा जाब मालकाला द्यावा लागतो. नोटीस चुकीची नव्हती.

जुनी फाइल उघडली. आत सापडला एक नोटरी केलेला करार, नोंदणी न केलेला आणि मुदत केव्हाच संपलेला. सर्वसाधारण सभेचा ठराव इतिवृत्तात कुठेच नव्हता. इमारत हा भार पेलू शकते असं इंजिनिअरचं प्रमाणपत्र तर अजिबातच नव्हतं. भाडं मात्र दर महिन्याला येत होतं आणि त्यावर मेंटेनन्स कमी ठेवला गेला होता, म्हणून कोणी कागद विचारले नव्हते. आधीच्या कमिटीतल्या माणसांना मी दोष देत बसले नाही. त्यांच्या वेळेला सगळ्याच गच्च्यांवर असंच चाललं होतं. राज्याच्या नगरविकास विभागाने टॉवरसाठी वेगळी नियमावली काढली ती मार्च २०१४ मध्ये, आणि आमच्या टॉवरचे पोल, म्हणजे अँटेना लावलेले खांब, त्याआधीचे.

दोन वाटा होत्या: टॉवर काढायला लावायचा, किंवा नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली परवानगीसाठी अर्ज करायचा. कायद्यात ही सोय आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नोटीस आली की लोक एक तर घाबरतात, नाही तर ओळखी काढतात. मुदतीत अर्ज केला आणि आवक क्रमांक घेतला, की निदान बोलायला जागा उरते. अर्ज केला खरा, पण सोबत जोडायला आमच्याकडे काहीच नव्हतं. खिडकीवरच्या लिपिक बाईंनी यादी हातात दिली आणि म्हणाल्या, "मॅडम, कंपनीच्या कागदांची वाट बघत बसू नका. आधी तुमचा ठराव करा."

यादीत होतं: सर्वसाधारण सभेचा ठराव, ७० टक्के सभासदांची लेखी संमती, टॉवरच्या खालच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची संमती, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, इमारतीचा मंजूर नकाशा, आणि कंपनीकडून सॅकफाची मंजुरी. सॅकफा म्हणजे केंद्राच्या दूरसंचार विभागाची फ्रिक्वेन्सी-वाटपाची समिती. प्रत्येक ठिकाणासाठी तिची मंजुरी लागते. ती कंपनीकडे होती. बाकी सगळं आम्हाला जमवायचं होतं.

आम्ही विशेष सर्वसाधारण सभा लावली. पाच पूर्ण दिवसांची नोटीस, विषयपत्रिकेवर एकच विषय. आमच्या सोसायटीत एरवी कोरम भरायला अर्धा तास थांबावं लागतं. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या आणि लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. शेजारच्या, म्हणजे समोरच्याच इमारतीतल्या, सोसायटीचे दोघे जणही फाटकापाशी येऊन उभे राहिले.

सगळा वेळ टॉवरमधून निघणाऱ्या किरणांवर गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दादांनी कागद काढून वाचून दाखवलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं आहे. त्यांच्या घरात वर्षाचं बाळ आहे. त्यांना मी काय सांगणार होते? ते खोटं बोलत नव्हते. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो, हे मी सांगितलं, पण बापाच्या भीतीपुढे व्याख्या चालत नाही. काकू बोलल्या तेव्हा मात्र सभा शांत झाली. म्हणाल्या, "किरण मला दिसत नाहीत. डाग दिसतो. त्याचं काय करणार, ते आधी सांगा."

त्या सभेत दोनच गोष्टी ठरल्या. एक, इंजिनिअर बोलवायचा. दोन, मोजून घ्यायचं. संमतीचा विषय त्यानंतर.

मोजणीची सोय सरकारनेच केलेली आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं. आपल्या भागातले टॉवर त्यावर बघता येतात आणि ४,००० रुपये (ही तेव्हाची फी) भरून कोणालाही आपल्या जागी प्रत्यक्ष मोजणी मागवता येते. आम्ही सोसायटीच्या खात्यातून पैसे भरले. दादांना मी मुद्दाम सोबत ठेवलं, काकूंना आणि शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही. मोजायला आलेल्यांनी तिवईवर एक गोळा बसवला, लहान मुलाच्या चेंडूएवढा, त्याची वायर हातातल्या यंत्राला. काकूंच्या हॉलमध्ये, दादांच्या बाळाच्या पाळण्याशेजारी, गच्चीत आणि समोरच्या इमारतीच्या बाल्कनीत, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबून मोजलं.

आपल्याकडची किरणांची मर्यादा तेव्हा कशी ठरत होती, ते त्यातल्या एका अधिकाऱ्यांनी दादांना समजावून सांगितलं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा घेतली. लहरींची फ्रिक्वेन्सी ४०० ते २००० मेगाहर्ट्झ असेल, तर त्या आकड्याला २००० ने भागायचं. म्हणजे ९०० साठी चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० साठी ०.९, त्यावरच्या बँडना, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांना, १. एका पोलवर तीन बँड असले, तर प्रत्येकाचं मोजमाप त्याच्या त्याच्या मर्यादेने भागून तिन्हींची बेरीज करतात आणि ती एकच्या आत असावी लागते. दादा शाळेच्या मुलासारखे वहीत उतरवून घेत होते.

सगळे आकडे मर्यादेच्या पुष्कळ आत आले. पण आम्हा सगळ्यांना चकित केलं ते त्यांच्या क्रमाने. ज्या काकूंच्या डोक्यावर टॉवर, त्यांच्या घरात आकडा जवळजवळ सगळ्यात कमी. सगळ्यात जास्त समोरच्या इमारतीच्या बाल्कनीत. कारण अँटेना लहरी विजेरीच्या झोतासारख्या पुढे फेकतो, खाली फारसं सांडत नाही. मग २०१३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना काढून पाहिल्या. त्यांत अंतर लिहिलेलं आहे ते अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर असलेल्या इमारतीचं: एका दिशेला दोन अँटेना असतील तर ३५ मीटर, चार असतील तर ४५, सहा असतील तर ५५. आमचे पोल लागले तेव्हा समोर एक बैठा बंगला होता. त्याचं रीडेव्हलपमेंट होऊन आता सात मजले उभे होते, आणि पाचव्या-सहाव्या मजल्याच्या खिडक्या आमच्या अँटेनाच्या थेट रेषेत. त्या दिशेला अँटेना दोन. टेपने मोजलं तर अंतर ३५ मीटर भरेना. मोजणीत सगळं मर्यादेत असलं, तरी ते अंतर आम्हाला पाळायचं होतं. फाटकापाशी उभ्या राहिलेल्या त्या दोघांची काळजी रास्त होती, आणि आम्ही त्यांना आत खुर्चीही दिली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

इंजिनिअरसाहेब आले ते हातोड्यासारखं यंत्र घेऊन. त्याने काँक्रीटवर ठोका दिला की ते किती घट्ट आहे याचा अंदाज येतो. त्यांनी आधी मंजूर नकाशावरून कॉलम कुठे आहेत ते गच्चीवर खडूने आखलं. मग मला हाक मारली. तीनपैकी दोन पोल कॉलमपासून हातभर लांब, नुसत्या स्लॅबवर होते. बॅटऱ्यांचं कपाट तर खोलीच्या मधोमध, जिथे स्लॅब सगळ्यात कमजोर, तिथे. बेस प्लेटचे अँकर बोल्ट कोबा आणि वॉटरप्रूफिंग फोडून खाली गेले होते, पुन्हा कोणी सील केलं नव्हतं. त्यांनी एका बोल्टच्या कडेला बाटलीतून पाणी ओतलं. पाणी साचलं नाही, वाहिलं नाही. बोल्टभोवतीच्या फटीत हळूहळू शिरलं आणि दिसेनासं झालं. "ताई, हे तुमच्या काकूंच्या देवघरात जातंय. आणि वाटेत सळईला भेटतंय." छतावरची गंजाची रेघ मला तेव्हा कळली.

सभेत सगळे भांडतात किरणांवरून. आमच्या इमारतीला जे खरोखर खात होतं ते भोकांतून जाणारं पाणी आणि चुकीच्या जागी ठेवलेलं वजन. काकू सोडल्या, तर त्यावर कोणी एक शब्दही बोललं नव्हतं.

दुसऱ्या सभेत मी मोजणीचा अहवाल आणि गच्चीचे फोटो दोन्ही ठेवले. संमती दिली ती अटींवर. काकूंनी सही केली, आणि सहीच्या शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "गळती थांबल्यास." दादांनी सही केली नाही. त्यांच्या नकाराची नोंद इतिवृत्तात जशीच्या तशी घेतली. तरी ७० टक्क्यांचा आकडा ओलांडला.

कंपनीचा माणूस छापील करार घेऊन आला. त्यात एक ओळ होती, की कंपनी "आवश्यकतेनुसार" उपकरणं वाढवू शकेल. त्या एका शब्दावर आम्ही सात आठवडे अडून बसलो. आवश्यकतेनुसार म्हणजे उद्या दुसऱ्या ऑपरेटरचे चार अँटेना याच पोलवर, आणि मग वजनही बदललं, समोरचं अंतरही बदललं. शेवटी लिहिलं गेलं ते असं: सोसायटीच्या लेखी ठरावाशिवाय एकही अँटेना वाढणार नाही. समोरच्या इमारतीकडचा पोल मागच्या कोपऱ्यात. सगळा भार लोखंडी गर्डरवरून थेट कॉलमवर. बॅटऱ्या जिन्याच्या खोलीशेजारी, कॉलमवर. संपूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग कंपनीच्या खर्चाने. जनरेटर गच्चीवर नाही. काढून नेताना गच्ची पूर्ववत करून द्यायची. टॉवरपोटी येणारा मालमत्ता कर कंपनी भरेल. करार रीतसर नोंदवला. भाड्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो, आणि हे उत्पन्न सभासदांच्या मेंटेनन्ससारखं करमुक्त नसतं, हे सीएंनी आम्हाला बजावून सांगितलं. आधीच्या वर्षांचं तेही निस्तरावं लागलं.

हे सगळं होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. परवानगीचं पत्र मी लॅमिनेट करून ऑफिसात लावलं.

आता एक महत्त्वाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने मार्गाधिकाराचे (राइट ऑफ वे), म्हणजे टॉवर आणि केबल कुठे, कशा टाकता येतील याचे, नियम बदलले. खाजगी इमारतीवर टॉवर किंवा पोल लावायचा, तर कंपनीला स्थानिक संस्थेची परवानगी न घेता, काम सुरू करण्याआधी लेखी माहिती आणि इंजिनिअरचं प्रमाणपत्र देऊन पुढे जाता येईल, असं ठरलं. दूरसंचार कायदा २०२३ खालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. आम्हाला जी यादी महापालिकेने हातात दिली, ती तुम्हाला कोणी देईलच असं नाही. तेव्हा ती यादी सोसायटीने स्वतःच करा. इंजिनिअर आपल्या पैशाने आपला नेमा. आणि कोणी फोन करून "टॉवर मंजूर झालाय, नोंदणीचे पैसे भरा" म्हणालं, तर तो सरळ फसवणुकीचा फोन आहे. दूरसंचार विभाग किंवा दूरसंचार नियामक ट्राय त्यासाठी पैसे मागत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागला धडकलं. आमच्याकडेही दिवसभर वारा आणि पाऊस. लॉकडाऊन, सगळी घरात, फोनवरच जग चाललेलं. संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर मी विजेरी घेऊन गच्चीवर गेले आणि एकेक बोल्ट हाताने चाचपला. मग खाली काकूंचं दार वाजवलं. मास्क लावून दोघी देवघरापाशी उभ्या राहिलो. छत नव्याने रंगवलेलं होतं. काकू स्टुलावर चढल्या, हात उंच करून तळवा छताला टेकवला आणि तो माझ्यासमोर धरला. कोरडा होता.