खाड्यांचा हिशेब

३१ मार्च २०२३. जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट सुटली आणि सुपरवायझरने आम्हा अकरा जणांना गेटजवळ बाजूला घेतलं. "उद्यापासून येऊ नका. ऑर्डर नाही. काम निघालं की फोन करतो." कागद नाही, सही नाही. मी कंपनीचा नव्हतोच, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. भांडायचं तरी कोणाशी?

आठ दिवस फोनची वाट बघण्यात गेले. गावी, धरणगाव तालुक्यात, थोरल्या भावाला सांगितलं तर तो म्हणे, "तुन्हा पगारमाइन पैसा कापतस ना? मंग जाय, मांग." त्याच्या डोक्यात पीएफ होता. मला मात्र पगाराच्या स्लिपवरची दुसरी ओळ आठवली, ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. १४ हजार पगार झालेल्या महिन्याला ०.७५ टक्क्याने १०५ रुपये जायचे, मालकाचे ३.२५ टक्के वेगळे. इतकी वर्षं मी तो दवाखान्याचा पैसा समजत होतो. काम गेल्यावर त्यातूनच भत्ता मिळतो, हे मला टपरीवर आमच्याच लाइनीतल्या एका ऑपरेटरकडून कळलं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ ची. त्याच्या माहितीप्रमाणे पगाराचा चौथा हिस्सा मिळत होता. ती माहिती जुनी निघाली, २०२० मध्येच २५ चे ५० टक्के झाले होते. मिळतो जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि आयुष्यात एकदाच. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालवतात, म्हणून कोणी जाणार असेल तर आधी सध्या चालू आहे का ते विचारा.

अट ऐकून मात्र पोटात गोळा आला. काम सुटायच्या आधी सलग दोन वर्षं विमा हवा, तो होता. पण शेवटच्या सहामाहीत किमान ७८ दिवस भरलेले हवेत, शिवाय आधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत तेवढेच. ईएसआयसीची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मागच्यांची काळजी नव्हती. घोळ होता तो शेवटच्या सहामाहीचा. दिवाळीला मशीन बंद, मग कापूस वेचायला मजूर मिळेना म्हणून मी गावी, आणि जानेवारीपासून रोजचंच, "आज काम नाही, उद्या या."

बायको भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते. दूध आलं नाही की फुली. त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात ती माझा खाडाही टिंबाने मांडायची, हे मला माहीतच नव्हतं. मागच्या वर्षाचं कॅलेंडर तिने गव्हाच्या कोठीत तळाला अंथरलं होतं, ते गहू उपसून काढलं. रात्री फरशीवर दोन्ही कॅलेंडरं आणि स्लिपा पसरून बसलो. ती मोजायची, मी लिहायचो. एकदा ७९ आले, एकदा ८१. स्लिपांशी ताळा केला, ८१ बरोबर. तीन दिवसांनी वाचलो. टिंबं का मांडायचीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमचा तो कॉन्ट्रॅक्टर चोर आहे म्हणून."

तिथून पुढे दोन आठवडे मी उगाच हिंडलो. कोणीतरी म्हणालं, मालकाची सही लागते. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना, घरी गेलो तर "साहेब नाशिकला." दुसऱ्याने सांगितलं, प्रतिज्ञापत्र लागतं. कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून १०० रुपयांच्या स्टॅम्पवर तेही करून घेतलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, डोक्याला उपरणं बांधून, ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्टॅम्पपेपर चाळून परत दिला. "दादा, हे २०२० पासून लागत नाही. मालकाची सहीसुद्धा लागत नाही." आता त्या कागदात मुलीच्या वह्यांची कव्हरं झाली असती, पण जाड निघाला.

लागलं ते एवढंच: काम सुटून ३० दिवस झालेले, ऑनलाइन अर्ज, आधार आणि पासबुकची झेरॉक्स. अर्ज कॉम्प्युटर सेंटरवर भरला, प्रिंटवर सही केली, कागद जोडून नेऊन दिला. मॅडमनी पासबुकवर बोट ठेवलं, "हा आयएफएससी जुना." आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, मी पासबुक बदललंच नव्हतं. त्या दिवशी बँकेत लंच टाइम, दुसऱ्या दिवशी प्रिंटर बंद. तिसऱ्या दिवशी नवं पासबुक हातात आलं.

हिशेब मी मॅडमनाच विचारला. चार सहामाहींची एकूण कमाई भागिले दोन वर्षांचे ७३० दिवस. माझे २ लाख ९२ हजार, म्हणजे रोजचे ४००. त्याचे निम्मे २००. पुढच्या दिवसांचे आगाऊ मागता येत नाहीत, झालेल्या दिवसांचेच. म्हणून आधी एप्रिलचे ३० दिवस मागितले. ६,००० रुपये थेट खात्यात आले. मेसेज आला तेव्हा मी किराणा दुकानात उभा होतो, उधारीच्या वहीत नाव चढवत. नाव चढवलंच, वही दुसऱ्या दिवशी मिटवली.

१५ जूनपासून एका दाळ मिलमध्ये लागलो. राहिलेल्या ४५ दिवसांचे ९,००० दुसऱ्या अर्जाने मिळाले. "लागलो म्हणून सांगू नको, ९० पुरे कर," असं सांगणारे भेटले. नव्या जागी विम्याचा हप्ता सुरू झाला की माझ्याच ईएसआयच्या नंबरावर तो दिसणार, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मिलमध्ये पहिल्या दिवशी मुनीमजी फॉर्म भरत होते. "ईएसआयचा नवीन नंबर काढून देतो, तुला कशाला त्रास." आधीच्या दोन ठिकाणी मी मान हलवली असती. खिशातून चिठ्ठी काढली, त्यावर दहा आकडे बायकोच्या अक्षरात. म्हटलं, "नवा नको मुनीमजी, हाच टाका."