तुम्ही विचारलंत म्हणून: तान्ह्या पिल्लांचा एकही फोटो का नाही?

चित्त्याच्या माद्या आणि त्यांची पिल्लं यांचे माझे फोटो पाहून झाले की एक प्रश्न हमखास येतो. "अगदी तान्ही, डोळे न उघडलेली पिल्लं कुठेच नाहीत. कधी सापडली नाहीत का?"

एकदा जवळजवळ सापडली होती. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यालगतच्या एका कॉन्झर्वन्सीत, म्हणजे स्थानिकांच्या जमिनीवर वन्यजीवांसाठी राखलेल्या क्षेत्रात, जिथे गाडी वाट सोडून गवतात नेता येते, एक मादी वारुळावर उभी होती. सड दुधाने भरलेले. ती दूरवर पाहत होती, पण डावा कान सारखा झुडपांच्या एकाच जाळीकडे वळत होता. गाइडच्याही ते लक्षात आलं. "जवळ नेऊ?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो.

का, ते सांगतो. चित्त्याची मादी पिल्लं एकटीने वाढवते, नराचा त्यात काडीचा हातभार नसतो. बहुधा तीन ते पाच पिल्लं, जन्मताना जेमतेम पाव किलोची. ती शिकारीला निघाली की त्यांना राखायला मागे कुणी नाही. सिंहाशी किंवा तरसांच्या टोळीशी झुंजण्याची तिची ताकद नाही. पिल्लं कुठे आहेत ते कुणाला न कळणं, एवढाच तिचा बचाव. म्हणून दर थोड्या दिवसांनी ती एकेकाला मानगुटीला धरून नव्या जागी हलवते.

एवढं करूनही हाती फार थोडं लागतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संशोधक कॅरेन लॉरेन्सन यांनी टांझानियातल्या सेरेंगेटीच्या मैदानात पिल्लांचा जन्मापासून माग ठेवला. शंभरातली पाचसुद्धा मोठी झाली नाहीत आणि सर्वांत जास्त मारली ती सिंहांनी. सगळीकडे इतकं वाईट नाही. कलहारीत पुढे झालेल्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश जगलेली दिसली. पण माराबद्दलचा २०१८ चा अभ्यास माझ्या मनातून जात नाही: पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात मादीमागे सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली, गर्दी कमी होती तिथे दोनाहून जास्त. त्या गर्दीतल्या एका गाडीत मीही बसलेलो आहे.

गाडी जाळीपाशी नेली की गवत दबतं, चाकांची वाट उमटते, एक गाडी थांबलेली दिसली की मागून चार येतात. गाड्यांच्या मधून वाट काढत पिल्लांकडे जायला मादी कचरते आणि तिकडे पिल्लं भुकेली राहतात.

पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची झाली की ती स्वतःच त्यांना बाहेर आणते. मी त्या दिवसांसाठी जातो. इंजिन बंद, खिडकीवर बीनबॅग, त्यावर ६०० मिमीची लेन्स. इंजिन बंद करायचं ते फक्त थरथर टाळायला नाही. चित्त्याची आई पिल्लांना हाक मारते ती पाखराच्या चिवचिवाटासारखी, आणि चालू इंजिनाच्या घरघरीत ती हाक बुडून जाते.

एकदा शिकार झाल्यावर तिने अशीच हाक दिली. धापा टाकत होती, मांसाला तोंडही लावलं नव्हतं, मान वळवून चारी दिशा न्याहाळत होती. मग गवत हललं आणि चार पिल्लं धावत आली. या वयात त्यांच्या पाठीवर लांब राखाडी केसांची झूल असते, वाऱ्याने ती उलटली की खालचे गडद केस दिसतात. एकाने आधी आईचं तोंड चाटलं, मग मांसाकडे वळलं. फोकस आईच्या डोळ्यावर होता, त्यामुळे ते पिल्लू फोटोत थोडं धूसर आहे. मला तो तसाच आवडतो.

आणि एक खूण, तुम्ही कधी गेलात तर उपयोगी पडेल. दूध पाजता पाजता ती पिल्लांना बाजूला सारून उठली आणि तुमच्याकडे एकटक पाहू लागली, तर तुम्ही फार जवळ आहात. गाडी मागे घ्यायला सांगा.

त्या पहिल्या सकाळचा एकच फोटो माझ्याकडे आहे. आम्ही लांब गेल्यावर ती वारुळावरून उतरली. फोटोत तिची पाठ आहे, शेपटीचं पांढरं टोक, आणि तिच्यामागे मिटत आलेली जाळी.