वाढल्यासारखा वाटणारा पाय

गुरुवार, रात्र

उजव्या खुब्याच्या जुन्या वेदना सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जितक्या लवकर ओसरल्या, तितक्याच लवकर ही नवी शंका मनात घर करून बसली आहे. उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झाला आहे, असे मला सतत वाटते. वॉकर होता तोपर्यंत बराचसा भार हातांवर जात असल्यामुळे ते फारसे जाणवले नव्हते. काठीवर आल्यापासून मात्र सरळ उभी राहिले की डावी टाच जमिनीवर पुरती टेकत नाही आणि तोल सावरण्यासाठी उजवा गुडघा आपोआप किंचित वाकतो. सांधा नीट बसला असेल ना, हाडात काही चुकले असेल का, हे असेच कायम राहील का, असे विचार रात्री अंथरुणावर पडल्यावर अधिकच जोर धरतात.

आज फिजिओथेरपिस्ट ताईंना मी हे सविस्तर सांगितले. त्यांनी मला ‘असे वाटतेच’ म्हणून वाटेला लावले नाही, याचे फार बरे वाटले. त्यांनी मला सरळ झोपवून दोन्ही पायांची मापे दोन प्रकारे घेतली. पहिले माप कंबरेच्या पुढच्या बाजूला बोटांना लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंतचे, म्हणजे पायाच्या प्रत्यक्ष लांबीचे होते. दुसरे माप बेंबीपासून त्याच उंचवट्यापर्यंतचे होते. पहिल्या मापात दोन पायांमध्ये जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा फरक निघाला, तर दुसऱ्यात तो दीड सेंटीमीटरच्या पुढे गेला. टेपने घेतलेल्या मापात थोडी चूक राहू शकते आणि मांडीवर अजून सूज असल्यामुळे ती अधिकच संभवते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. तरीही दोन आकड्यांतील ही तफावत इतकी मोठी होती की तिचे कारण मापाच्या पद्धतीत नसून माझ्या कंबरेत आहे, हे स्पष्ट झाले.

माझी कंबर उजव्या बाजूला खाली झुकलेली आहे. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आखडले की ते त्या बाजूचे कंबरेचे हाड खाली ओढतात, आणि हाड खाली आले की त्याला जोडलेला पायही तेवढाच खाली येतो. हाडांची लांबी तीच असली तरी उभे राहताना तो पाय लांब झाल्यासारखा जाणवतो. माझ्या बाबतीत याला मागची कितीतरी वर्षेही जबाबदार आहेत. संधिवाताने सांध्यातील कूर्चा झिजत गेली आणि हाडाचा गोलाकार माथा चपटा होत गेला, तसतसा उजवा पाय खरोखरच आखूड होत होता. तो बदल इतका हळूहळू झाला की पाठीचा कणा, कंबर आणि स्नायू यांनी त्याच्याशी पूर्ण जुळवून घेतले आणि ती तिरकी ठेवणच मला सरळ वाटू लागली. शस्त्रक्रियेत पायाची गेलेली लांबी एका दिवसात परत मिळाली. स्नायूंना आणि कण्याला मात्र ही नवी उंची अजून परकी वाटते. ताईंचे हे स्पष्टीकरण मला सगळ्यांत जास्त पटले, कारण शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक महिने माझी उजवी चप्पल एका बाजूने अधिक झिजत असे, आणि त्याचा पायाच्या लांबीशी संबंध असू शकेल हे तेव्हा मनातही आले नव्हते.

उरलेल्या अर्ध्या सेंटीमीटरबद्दलही मी विचारले. पुष्कळ माणसांच्या पायांत काही मिलिमीटरचा फरक जन्मभर असतो आणि तो त्यांना कळतही नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण एक सेंटीमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना सोसतो. शस्त्रक्रियेआधी एक्स-रेवर आखणी करून शल्यचिकित्सक कृत्रिम सांध्याचा आकार आणि त्याच्या मानेची लांबी ठरवतात, तरी अंतिम निवड शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. तिथे त्यांना पाहावे लागते की भोवतालचे स्नायू पुरेसे ताणलेले आहेत की नाहीत, कारण ते सैल राहिले तर माथा वाटीतून निसटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे सांधा घट्ट राहावा म्हणून कधी काही मिलिमीटर जास्त लांबी पत्करली जाते. मला वाटते, ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच प्रत्येक रुग्णाला शांतपणे बसवून सांगितली पाहिजे. वेदनेची, जंतुसंसर्गाची आणि रक्ताच्या गुठळीची पूर्वकल्पना दिली जाते, तशी याचीही दिली गेली, तर घरी आल्यावर एकट्याने आरशासमोर उभे राहून घाबरण्याची वेळ येणार नाही.

चालताना मी एका बाजूला लचकते, त्याचे कारण मात्र वेगळे निघाले. टेबलाच्या कडेला हात ठेवून मला उजव्या पायावर उभे राहायला सांगितले, तेव्हा डाव्या बाजूची कंबर खाली झुकली. फ्रीड्रिश ट्रेन्डेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये वर्णन केलेली ही खूण आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्या पायावर उभे आहोत त्या बाजूचे स्नायू कंबर तोलून धरण्याइतके सशक्त नाहीत, असे ती दाखवते. म्हणजे जे स्नायू आखडले आहेत, तेच अशक्तही आहेत. हे ऐकून मला एका परीने धीर आला. हाडाची लांबी मला व्यायामाने बदलता येणार नाही, पण स्नायूंची ताकद नक्कीच वाढवता येईल.

व्यायामांतही जपून राहावे लागणार आहे. बाहेरच्या स्नायूंना मोकळे करण्यासाठी पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे न्यावा, असे कुणालाही सुचेल, पण सांधा निखळण्याची भीती असल्यामुळे ते मला सध्या वर्ज्य आहे, तसेच पायावर पाय टाकणेही. तोपर्यंत पाय मध्यरेषेपर्यंतच आणायचा, पाठीवर झोपून डावा गुडघा छातीकडे घेताना उजवी मांडी गादीवर दाबून ठेवायची, म्हणजे खुब्याच्या पुढचे स्नायू ताणले जातात. आरशासमोर उभे राहून दोन्ही हातांची बोटे कंबरेच्या हाडांवर ठेवायची आणि ती एका पातळीत येतात का ते पाहायचे. उजवा गुडघा वाकवून लांबी लपवण्याची सवय लागू द्यायची नाही आणि दोन्ही पावले सारख्याच अंतराची टाकायची. यांतले शेवटचे सर्वांत कठीण आहे, कारण मन दुसरीकडे गेले की डावे पाऊल आपोआप लहान पडते.

मुलाने फार काळजीने डाव्या बुटात घालायला टाचेची गादी आणली होती. ताईंनी ती सध्या बाजूला ठेवायला सांगितले. कंबर स्नायूंमुळे झुकलेली असताना दुसऱ्या पायाला उंची दिली, तर शरीर त्या झुकलेल्या स्थितीतच स्थिरावते आणि जी गोष्ट तीन ते सहा महिन्यांत आपोआप सुटू शकते, ती उलट पक्की होते. त्या मुदतीनंतरही खरा फरक उरला आणि त्रास देत राहिला, तर गादीचा विचार होईल. तीही पूर्ण फरकाइतकी नसेल, त्याहून थोडी कमी असेल. मुलाला मी हे समजावून सांगितले तेव्हा त्याला वाईट वाटले, पण त्याने समंजसपणे गादी कपाटात ठेवून दिली.

कोणत्या लक्षणांसाठी वाट पाहायची नाही, हेही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. पाय अचानक आखूड झाला, आत किंवा बाहेर वळला आणि त्यावर भार टाकणे अशक्य झाले, किंवा पावलात बधिरपणा येऊन ते घोट्यातून वर उचलता येईनासे झाले, तर त्याच क्षणी रुग्णालयात जायचे. आजची जाणीव या प्रकारात मोडत नाही. ती हळूहळू आली आहे आणि सकाळपेक्षा संध्याकाळी, थकल्यावर, अधिक असते.

पुढच्या तपासणीला जुना एक्स-रे बरोबर न्यायचा आहे. संपूर्ण कंबरेच्या एक्स-रेवर दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खालच्या टोकांना जोडणारी आडवी रेषा काढून तिथपासून दोन्ही मांड्यांच्या हाडांवरील ठरावीक उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजतात, असे ताईंनी समजावले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या चित्रांवर तीच रेषा काढून डॉक्टरांनी मला दोन्ही आकडे सांगावेत, अशी विनंती मी करणार आहे. उजवा पाय आधी किती आखूड झाला होता आणि आता किती लांब आहे, हे मला नेमके कळायला हवे. पाठदुखी वाढली, तर कण्याचीही तपासणी करावी लागेल का, हेदेखील त्याच वेळी विचारायचे आहे.