पुण्यात बसून बॅककंट्री स्कीची तयारी: कपडे, बूट आणि बाकी सामान

दिवाळी झाली आणि सामानाची यादी बऱ्यापैकी पक्की झाली, म्हणून ही नोंद. मनालीचे स्कीचे बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स झालेत. येत्या फेब्रुवारीत गाइडबरोबर गुलमर्गच्या बाजूला जायचं, लिफ्टचे राखलेले उतार सोडून स्किन (स्कीच्या तळाला चिकटवायची, मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) लावून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि कोऱ्या बर्फातून उतरायचं, असा बेत आहे. कोर्सला सगळं सामान संस्थेचं मिळतं. स्वतःचं जमवायला बसलं की आधी हे ठरवावं लागतं की आपण ते कशासाठी घेतोय.

मी चढासाठी घेतलं. बर्फ म्हटला की आपल्याकडे पहिल्यांदा जाड जॅकेटच डोळ्यांसमोर येतं, आणि ते स्वाभाविक आहे. जानेवारीत गुलमर्गला रात्री पारा उणे दहाच्याही खाली उतरतो. पण अशा स्की टूरिंगचा बहुतेक दिवस चढण्यात जातो, उतरणं त्यामानाने झटपट होतं. पाठीवर सॅक, पायात स्की, समोरून आणि बर्फावरून परतून असं दोन्हीकडून ऊन. अशा वेळी उणे पाचातही माणूस घामाने निथळतो. मग खिंडीत वारा लागतो आणि अंगावरचा ओला कपडा शरीराची ऊब खेचून घ्यायला लागतो. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे माझ्या यादीत प्रत्येक कपड्याला पहिला प्रश्न एकच होता: घाम आल्यावर हा काय करतो?

याचं उत्तर सिंहगडावर मिळतं. आतकरवाडीतून वर जायला सुमारे 600 मीटरचा चढ आहे, म्हणजे टूरिंगच्या एका बऱ्या दिवसाचा अर्धाअधिक. पहाटे सॅक भरून, न थांबता चढायचं आणि वर देवटाक्याच्या आसपास वाऱ्यावर दहा मिनिटं नुसतं बसायचं. सुती टी-शर्ट पाठीला चिकटून थंडगार राहतो, तो इथेच बाद. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे तो भराभर सुकतो, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या वासाने तंबूतली माणसं लांब सरकतात. मेरिनो लोकर घाम स्वतःत साठवते, तरी अंगाला ओली लागत नाही, वासही धरत नाही, मात्र सुकायला वेळ घेते आणि सॅकच्या पट्ट्याखाली लवकर विरते. मी वरच्या अंगाला पातळ मेरिनो आणि खाली डेकॅथलॉनची पॉलिएस्टरची लेगिंग असं ठरवलंय. मेरिनोही सगळ्यात पातळ, 150 ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासची. जाड थर्मल स्लीपिंग बॅगमध्ये घालायला ठेवलंय.

मधल्या थराला जाळीदार विणीचं पातळ फ्लीस. चढताना बहुधा हेच सगळ्यात वरचं असेल. सॅकच्या अगदी वर, हात घातला की मिळेल असं सिंथेटिक भरावाचं पफी जॅकेट. पिसांचं जॅकेट वजनाला हलकं आणि जास्त उबदार असतं, पण ओलं झालं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. घामेजल्या अंगावर, वर बर्फ पडत असताना घालायचं म्हणून मला सिंथेटिकच भरवशाचं वाटतं. आणि ते एक साइझ मोठं घेतलंय. थांबल्यावर शेल (वारा-पाणी अडवणारं बाहेरचं पातळ जॅकेट) न काढता वरूनच चढवता आलं पाहिजे, नाहीतर चेन उघडझाप करण्यातच ऊब निघून जाते.

शेलबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे त्याची परीक्षा चुकीच्या ठिकाणी होते. पावसाळ्यात राजमाची किंवा हरिश्चंद्रगडाला नवीन जॅकेट घालून गेलेले बरेच जण परत येऊन सांगतात की पैसे वाया गेले, आतून चिंब झालो. पाणी आत येतं का, शिवणीची टेप सुटते का, टोपीच्या कडेतून ओघळ मानेत शिरतो का, हे सह्याद्रीच्या पावसात उत्तम कळतं. पण कापड घाम बाहेर सोडतं का हे तिथे कळणारच नाही. असं कापड वाफ बाहेर टाकतं ते आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली आणि कोमट असते, मग वाफ जाणार कुठे? तेच जॅकेट काश्मीरच्या कोरड्या थंडीत वेगळं वागतं. म्हणून पावसाळी अनुभवावरून शेल मोडीत काढू नका. मी तीन थरांचा हार्डशेल घेतला तो काखेतल्या लांब चेनसाठी. चढताना कापडाच्या गुणांपेक्षा या चेनच जास्त कामाला येतात. पॅन्ट बिबवाली घेतली, छातीपर्यंत येणारी: पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही, सॅकच्या कमरपट्ट्याखाली बेल्ट रुतत नाही. बायकांनी बिब घेताना मागची चेन पूर्ण उघडते का ते दुकानातच घालून, बसून पाहावं. वाऱ्यात सगळे थर उतरवायची वेळ येऊ नये.

आता बूट. माझ्या मते पैसे आणि डोकं दोन्ही सगळ्यात जास्त इथे लावावं. स्की भाड्याने मिळतात, बूट दुसऱ्याचे चालत नाहीत. टूरिंगच्या बुटाला मागे एक खटका असतो. तो उघडला की घोटा पुढे-मागे मोकळा हलतो, बंद केला की बूट उतरण्यासाठी कडक होतो. टाचेला आणि चवड्याला धातूच्या खोबणी असतात, त्यात बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या यंत्रणेच्या, पिना बसतात. साध्या रिसॉर्टच्या बुटांना या नसतात, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. सेकंडहँड घेणाऱ्यांनी पहिल्यांदा खोबणी बघाव्यात. तळव्यावर ISO 9523 असेल तर टूरिंगचा, ISO 5355 असेल तर अल्पाइनचा.

माप माँडोपॉइंटमध्ये, म्हणजे सेंटिमीटरमधली पायाची लांबी. भिंतीला टाच लावून कागदावर मोजता येते, संध्याकाळी मोजावी, कारण दिवसभरात पाय फुगतो. खरी चाचणी त्यानंतरची. आतलं मऊ लायनर काढायचं, मोकळ्या कवचात अनवाणी पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहायचं. दीड सेंटिमीटरच्या आसपास असेल तर चांगलं, दोनच्या पुढे गेलं तर बूट मोठा. ट्रेकचे बूट अर्धा नंबर मोठे घ्यायची सवय इथे उपयोगाची नाही. सैल बुटात टाच उचलली जाते, चढताना फोड येतात आणि उतरताना स्की ऐकत नाही. मोजाही एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले तर रक्त अडतं आणि बोटं आणखी गारठतात. लायनर तापवून पायाच्या आकाराचा करता येतो. तो करून घेतल्यापासून संध्याकाळी घरात बूट घालूनच स्वयंपाक, फोन, सगळं चाललंय. डाव्या घोट्याच्या हाडावर एक जागा वीस मिनिटांनी दुखायला लागते. तिथे कवच जरासं फुगवून घ्यावं लागेल, आणि हे पुण्यात कळलं ते बरं झालं.

वजनाबद्दल एकच सांगते. बाइंडिंगच्या पिनांमुळे चढताना टाच मोकळी राहते आणि स्की उचलायची नसते, सरकवायची असते. तरीही बूट आणि बाइंडिंगचं वजन प्रत्येक पावलाला पायाशी असतं, ते पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जाणवतं. ही पिनांची कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची, 1980 च्या दशकातली, आणि आजही बहुतेक हलकी बाइंडिंग त्याच तत्त्वावर चालतात.

स्की मनालीत एका ओळखीच्या गिर्यारोहकाकडून जुन्या घेतल्या, मध्यभागी 92 मिलिमीटर रुंद. यापेक्षा रुंद स्की ताज्या भुसभुशीत बर्फात मजा देतात, पण कडक तिरक्या उतारावर चढताना कडा धरून ठेवायला जड जातात. स्किन मिश्र धाग्यांच्या, 70 टक्के मोहेर (अंगोरा शेळीचे केस) आणि 30 टक्के नायलॉन. नुसतं मोहेर छान सरकतं, नुसतं नायलॉन जास्त पकड देतं आणि जास्त टिकतं. स्किन स्कीच्या आकारात कापायचं काम मी ओट्यावर केलं. स्कीच्या मधोमध चिकटवायची, पुढचा आणि मागचा हूक ताणून बसवायचा, मग कटरने कडेकडेने एका दमात कापत जायचं, पोलादी कड दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडी राहील असं. कड झाकली गेली तर कडक बर्फावर ती रुतत नाही आणि माणूस बाजूला घसरत जातो. कापताना केस कुठल्या दिशेला आहेत ते बोट फिरवून बघा. पुढून मागे फिरवलं की मऊ, उलटं फिरवलं की खरखरीत.

पुण्यातला खरा प्रश्न साठवणीचा आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात स्किनचा गोंद पाघळतो आणि नंतर स्कीच्या तळाला चिकटून बसतो. मी स्किन जाळीच्या कापडावर लावून, हवाबंद पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. आईने भाजीचा तो कप्पा मोकळा करून दिलाय. पावसाळ्यात स्कीच्या कडांना गंज धरतो. त्यासाठी हंगाम संपला की कडा पुसून कोरड्या करायच्या आणि तळावर कडांसकट मेणाचा जाड थर द्यायचा, तो खरवडायचा नाही. शेलही घडी घालून कपाटात कोंबू नये. दमटपणाने आतला लेप सुटायला लागतो. धुऊन, वाळवून हँगरला टांगावा.

आणि हिमस्खलनाचं सामान. 1 फेब्रुवारी 2023 ला गुलमर्गच्या अफरवट भागात, हापतखुडला, हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर गेले. गंडोला (तिथला रोपवे) जवळजवळ 3,980 मीटरपर्यंत पोचवतो आणि तिथून कुंपणापलीकडे काही मिनिटांत माणूस 30 ते 45 अंशांच्या उतारावर असतो. बहुतेक हिमस्खलनं याच कोनात सुटतात. ट्रान्सिव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर आणि सॅकमध्ये हवंच, गटात मिळून एक असून भागत नाही. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्यात मदत पथक येऊ शकत नाही, शेजारचा माणूसच येऊ शकतो.

ट्रान्सिव्हर तीन अँटेनांचा, 457 किलोहर्ट्झवर चालणारा. जगभर हीच फ्रिक्वेन्सी आहे. सेल अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल सेलमुळे उरलेली पॉवर चुकीची दिसते. मोबाइल चालताना 20 सेंटिमीटर आणि शोधताना 50 सेंटिमीटर तरी लांब. फावडं अ‍ॅल्युमिनियमचं. थांबलेलं हिमस्खलन घट्ट होऊन बसतं आणि प्लॅस्टिकचं पातं त्यावर वाकतं. प्रोब 240 सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचा.

सराव तळजाईच्या टेकडीवर चालू आहे. एक जण पोत्यात ट्रान्सिव्हर बांधून गवतात लपवतो, बाकीचे शोधतात. यंत्रावरचा बाण सरळ रेषेत नेत नाही, चुंबकीय क्षेत्राच्या वक्र रेषेवरून वळत वळत नेतो. पहिल्यांदा वाटतं यंत्र चुकतंय. अंतराचा आकडा तीन मीटरच्या खाली आला की यंत्र जमिनीलगत, हळू, त्याची दिशा न फिरवता न्यायचं. सगळ्यात छोट्या आकड्यापासून 25 सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल प्रोब टोचत जायचं, उताराला काटकोनात. लागला की प्रोब तिथेच ठेवायचा आणि खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन आडवं खणत आत शिरायचं, वरून खड्डा करायचा नाही. खणण्यासाठी बावधनला एका बांधकामावर क्रश सँडचा ढीग वापरू दिला. ती वाळू जड आहे, आणि चार मिनिटांत माणूस बदलावा लागतो हे तिथे कळलं. गटात निदान तिघं हवेत हे मला त्या ढिगावर पटलं.

बाकीचं झटपट. हातमोजे दोन जोड, चढताना पातळ आणि उतरताना जाड, शिवाय सॅकच्या तळाशी मिटन्स. चढताना गॉगल घातला की वाफ धरतो, म्हणून तिथे कॅटेगरी 4 चा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा चष्मा आणि गॉगल उतरण्यासाठी, ढगाळ दिवसासाठी त्याची एक फिकट काचही. हेल्मेट EN 1077 या स्की हेल्मेटच्या मानकाचं. स्की क्रॅम्पॉन (कडक बर्फावर पकडीसाठी स्कीखाली लावायची दातेरी पाती) अजून घ्यायचे आहेत, ते बाइंडिंगच्या जातीप्रमाणे आणि स्कीच्या रुंदीप्रमाणे येतात. स्की बॅग रविवार पेठेतून ताडपत्रीचं कापड आणून शिवून घेतली. विमानात 15 किलोची मर्यादा नडते, म्हणून स्की आणि बूट घेऊन झेलम एक्स्प्रेसने जम्मूपर्यंत जायचं ठरतंय.

तळजाईचा सराव दर रविवारी सकाळी सात वाजता, वनविभागाच्या फाटकापाशी. ट्रान्सिव्हर नसला तरी या, लपवायला आणि वेळ लावायला माणूस लागतोच. पुढच्या नोंदीत घोट्याजवळ बूट कसा फुगवला ते लिहीन.