प्रत्येकाचे वेगळे इंद्रधनुष्य

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना सुरुवात उन्हाळ्याच्या सुट्टीपासून करण्याची मुभा मला असावी. वर्गात जे विज्ञान मी शिकलो, त्यातला बराचसा भाग सुट्टीत खेळताना आधीच समोर येऊन गेलेला होता, आणि शाळेचे माझ्यावरचे मोठे ऋण हे आहे की तिने आमचे ते अनुभव पोरखेळ म्हणून बाजूला सारले नाहीत.

आमची वस्ती धड गाव नव्हती आणि धड शहरही नव्हती. एका बाजूला नवी घरे उभी राहत होती, दुसऱ्या बाजूला शेते सुरू होत होती आणि मधल्या मोकळ्या जागेचा ताबा सुट्टीभर आम्हा सात-आठ मुलामुलींकडे असे. एक जुना टायर, दोन दोरखंड आणि एक चेंडू एवढ्या सामानावर आमचा दिवस निघे. लपंडाव, शिवाशिवी, टायर पळवणे यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. मुले जिथे असतात तिथे हे खेळ असतातच. मला लिहायचे आहे ते आमच्या दोन भांडणांविषयी.

पहिले भांडण झोक्यांचे. एकाच झाडाला आम्ही दोन झोके बांधले होते, एक खालच्या फांदीला आणि एक उंच फांदीला. एका पाळीत वीस झोके, असा नियम ठरला होता, परंतु खालच्या झोक्यावर बसणाऱ्याची पाळी नेहमी लवकर संपे आणि आपल्याला फसवले गेले, अशी त्याची तक्रार असे. आम्हाला वाटले, हा वजनाचा प्रकार असावा. म्हणून सर्वांत दांडग्या मुलाला आणि सर्वांत लहान मुलीला आळीपाळीने त्याच झोक्यावर बसवून मोठ्याने आकडे मोजले. फरक पडला नाही. पुढे वर्गात लंबकाचा पाठ आला तेव्हा कळले की सगळा खेळ दोरीच्या लांबीचा होता: 1 मीटरच्या लंबकाला जाऊन परत येण्यास सुमारे 2 सेकंद लागतात, तर 4 मीटरच्या लंबकाला सुमारे 4. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट होतो, हे सूत्र मी कधी पाठ केले नाही, कारण ते मला त्या तक्रारीसकटच आठवते.

दुपारी ऊन असह्य झाले की आम्ही त्याच झाडाखाली बसत असू. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असूनही जमिनीवर पडणारे कवडसे मात्र गोल असत, आणि ते तळहातावर झेलण्यात आमचा बराच वेळ जाई. ते गोल म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा आहेत, फट जितकी उंचावर तितका कवडसा मोठा आणि फिका होतो, हे मला शाळेतच समजले. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात. त्या दुपारी आम्ही नकळत सूर्य हातात धरून बसलो होतो, याचा आनंद मला आजही वाटतो.

दुसरे भांडण इंद्रधनुष्याचे. संध्याकाळी झाडांना पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचे बारीक तुषार उडत. उन्हाकडे पाठ करून उभे राहिल्यास त्या तुषारांत सातही रंग उमटत. भिजण्यासाठी जमलेले आम्ही सगळे मग ते इंद्रधनुष्य नेमके कुठे आहे यावरून भांडू लागलो. मी म्हणे ते कुंपणाच्या खांबापाशी आहे; माझ्या शेजारची मैत्रीण म्हणे ते खांबाच्या पुष्कळ अलीकडे आहे. तिचे पाहावे म्हणून मी तिच्या जागी जाऊन उभा राहिलो, तर ते तिने दाखवलेल्या ठिकाणी आले. मी परत माझ्या जागी आलो, तर तेही माझ्याबरोबर परत आले. कोणी खोटे बोलत नव्हते आणि तरीही दोघांचे जुळत नव्हते. लहानपणी असा प्रसंग फार अस्वस्थ करतो.

शाळा उघडली त्या आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी सुट्टीत काय पाहिले असे विचारले आणि आम्ही ते भांडण वर्गात मांडले. सरांनी त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला. आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून सुमारे 42 अंशांच्या कोनात असलेले थेंबच आपल्याकडे लाल रंग पाठवतात, जांभळा सुमारे 40 अंशांवरून येतो, आणि पाहणारा सरकला की त्याच्यासाठी ते काम दुसरे थेंब करू लागतात, असे त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावले. म्हणजे तुम्ही दोघेही बरोबर होतात, ते म्हणाले. तिथे जेवढी मुले होती तेवढी इंद्रधनुष्ये होती. मग थोडे थांबून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला: मग तुमच्या दोन डोळ्यांचे काय?

त्या संध्याकाळी दप्तर ठेवताक्षणी आम्ही नळीपाशी जमलो. ऊन कलले होते. तुषार अगदी जवळ धरून मी आधी उजवा डोळा मिटला, मग डावा, आणि रंगांचा तो पट्टा प्रत्येक वेळी थोडासा बाजूला सरकला.