छत्रीची वाट

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो, मूळचे हर्णैचे, १९६८ ला इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या ब्रायटनला आले ते शेवटपर्यंत तिथंच राहिले. सासूबाई दोन वर्षांनी आल्या, आल्या आल्या समुद्र बघायला गेल्या तर वाळूच नाही, नुसते गोटे! रडूच आलं त्यांना. मग अण्णांनी त्यांना वेस्ट पिअरवर, समुद्रात शिरलेल्या जुन्या धक्क्यावर नेलं, घरून पत्र आलं की त्या तिथं जाऊन वाचायच्या. ७५ ला तो बंद झाला, २००३ ला आगी लागल्या, आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे.

पण अण्णांची जागा म्हणजे छत्री, सैनिकांचं स्मारक. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या आपल्या सैनिकांसाठी इथल्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्याचं हॉस्पिटल केलं होतं, डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६. राजाच्या संगीतमहालात खाटा, शेजारी जिथं त्याच्या घोड्यांची पागा होती त्या डोममध्येही खाटा. नऊ स्वयंपाकघरं होती, पाण्याचे नळसुद्धा हिंदू-मुसलमानांचे वेगळे, आणि शिखांसाठी आवारात तंबूतला गुरुद्वारा. हे सगळं अण्णा इतकं रंगवून सांगायचे की मुलं जेवायचं विसरायची.

जे वाचले नाहीत त्यातल्या मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं, आणि ५३ हिंदू नि शीख सैनिकांचं दहन ब्रायटनजवळच्या पॅचम गावाच्या वरच्या उघड्या माळावर, लाकडाच्या चितेवर, अस्थी इथल्याच समुद्रात. त्या माळावर १९२१ ला संगमरवरी छत्री उभी राहिली. गाडी तिथवर जात नाही, मेंढ्यांच्या कुरणातून चढत जावं लागतं, तरी अण्णा दर जूनला जायचेच. आधी तिथं कुणाचीच नावं नव्हती, ५३ नावांचा दगड २०१० ला बसला. त्या वर्षी अण्णांनी एकेका नावावर बोट ठेवून सगळी मोठ्यानं वाचली आणि मग म्हणाले, "यांच्या घरी पत्र कधी पोचलं असेल गं?" मला काही बोलता आलं नाही, आणि सासूबाई तर तोंड फिरवून समुद्राकडेच बघत राहिल्या.

चार वर्षांनी अण्णा गेले. अर्ध्या अस्थी हर्णैला न्या, अर्ध्या इथं सोडा, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी वारा खूप होता, मी सासूबाईंचा हात धरायला गेले तर त्यांनी सोडवून घेतला, चपला काढल्या आणि त्या गोट्यांवरून एकट्याच पाण्यापर्यंत चालत गेल्या.