मागच्या रांगेतला किंगफिश

ऑर्केस्ट्रात माझं नाव 'स्टेपनी' पडलं होतं. ढोलकीवाला आला नाही की मी ढोलकीवर. ऑक्टोपॅडवाल्याची बायको बाळंत झाली, मी ऑक्टोपॅडवर. बेसवाल्याने ऐनवेळी दुसऱ्या पार्टीची सुपारी घेतली, मी बेसवर. बावीस वर्षं मिरजेतून टेम्पोत बसून लग्नं, हळदी, उरूस, गणपती केले आणि पोस्टरवर एकदाही फोटो आला नाही. सगळं वाजवणाऱ्याला एकही धड येत नसणार, असं लोक धरून चालतात. खोटं कशाला बोलू, मीही तसंच धरून चाललो होतो.

एकदा जतचा कार्यक्रम संपवून रात्री तीनला परतत होतो. झोप लागेना म्हणून फोन चाळत बसलो. एक अंगाने भरलेला पोरगा, वय पंधरा-सोळा, गिटार पोटावर टेकवलेली, डोळे अर्धे मिटलेले. नाव क्रिस्टोन इंग्रॅम, टोपणनाव किंगफिश. पहिली दोन मिनिटं मला काही विशेष वाटलं नाही. बोटं पळवणारी पोरं आमच्या सांगलीतही चार सापडतील. मग त्याने एक जागा घेतली आणि हात उचलून गप्प उभा राहिला. दोन मात्रा, पूर्ण. तेवढ्यात बेस आणि ड्रम पुढे आले, बोलले, आणि मगच हा परत आत शिरला. मी सीटवर सावरून बसलो. असं थांबणं पुढे उभ्या असणाऱ्याला सहसा सुचत नाही. हे साथीला बसलेल्याचं काम. शेजारच्या अण्णांना (आमचे कीबोर्डवाले) हलवून म्हटलं, "हा पोरगा आधी तालावर बसलेला असणार, पैज लावा." अण्णा म्हणाले, "झोप की रे बाबा."

पैज लावली असती तर जिंकलो असतो. किंगफिशचा जन्म जानेवारी १९९९ चा, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. घरची मंडळी चर्चमध्ये गाणारी, आई कंट्री गायक चार्ली प्राइड यांच्या नात्यातली. सहाव्या वर्षी ड्रम, मग बेस, आणि अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमाराला गिटार. वडिलांनी जुना गायक-गिटारवाला मडी वॉटर्स याच्यावरचा माहितीपट दाखवला आणि ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचं, वेड लागलं. गावातल्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये शाळेनंतर पोरांना वाजवायला शिकवतात. तिथे त्याला बिल 'हाउल-एन-मॅड' पेरी आणि रिचर्ड 'डॅडी रिच' क्रिसमन हे दोन वाजवणारे गुरू भेटले. किंगफिश हे नाव पेरींनीच ठेवलं, जुन्या 'एमॉस अँड अँडी' मालिकेतल्या एका पात्रावरून.

क्लार्क्सडेलबद्दल वाचायला लागलो आणि मला मिरजच दिसायला लागली. पंधरा हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव, आमच्यापेक्षा कितीतरी लहान, पण रेल्वेने आणि गाण्याने ओळखलं जाणारं. हे म्युझियमसुद्धा रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. मडी वॉटर्स ज्या शेतावर राबायचा तिथल्या त्याच्या खोपटाचा लाकडी सांगाडा आत ठेवलाय. तो १९४३ साली याच गावातून गाडीत बसून शिकागोला गेला आणि तिथे जाऊन त्याने गिटारला वीज जोडली. आता ही गोष्ट ऐका. गायिका बेसी स्मिथ क्लार्क्सडेलजवळ हायवे ६१ वर मोटार अपघातात सापडली आणि क्लार्क्सडेलच्या दवाखान्यात वारली, २६ सप्टेंबर १९३७. आमचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासकडच्या एका रेल्वे स्टेशनावर वारले, २७ ऑक्टोबर १९३७. एकाच महिन्याचं अंतर. खाँसाहेबांना मिरजेत दर्ग्याजवळ आणलं. मी लहानपणी उरुसाच्या गाण्याला तिथेच सतरंजीच्या कडेला पेंगत बसायचो. याचा त्याचा संबंध काही नाही, मला माहीत आहे. पण डोक्यातून जात नाही.

वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. ब्लूजचं आवर्तन बारा बारचं, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खण, अठ्ठेचाळीस मात्रा. पहिले चार खण षड्जावर, मग दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, एक पंचम, एक मध्यम, आणि शेवटच्या दोन खणांत समेवर आणून सोडायचं. शफल नावाची चाल असते, तिच्यात मात्रेचे तीन तुकडे करायचे आणि मधला गिळायचा. नुसतं मोजून ते येत नाही, दादऱ्यासारखं अंगात डुलावं लागतं. आणि गंधार! कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी, तार ओढून. आपल्याकडे मिंडेत जसा सूर लोंबतो तसा. किंगफिशने सहा वर्षं तो डोल ड्रमवर आणि बेसवर आधी जिरवला, म्हणून गिटार हातात आल्यावर तो खणाच्या काठावर उभा राहून निवांत थांबू शकतो. आवर्तन त्याला सोडून कुठे जात नाही.

शाळेतली पोरं हसायची. त्यांच्या कानात रॅप आणि हा आजोबांच्या वयाची गाणी वाजवतोय. आजी मात्र म्हणायची की या पोराने आधी एक जन्म काढलाय. त्याचं 'बीन हिअर बिफोर' हे गाणं तिथूनच आलं. गावात 'ग्राउंड झीरो' हा ब्लूज क्लब आहे, सिनेनट मॉर्गन फ्रीमन ज्याचा एक मालक, आणि 'रेड्स' नावाचा जुना अड्डा आहे. म्युझियमच्या वर्गातून पोरगा थेट तिथे, पिणाऱ्या माणसांसमोर. हळदीला वाजवलेल्या माणसाला या शाळेची किंमत कळेल. समोरचा नाचायचा थांबला की लगेच निकाल लागतो. २०१४ साली म्युझियमच्या पोरांबरोबर तो व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

मग शिकागोचे बुजुर्ग ब्लूज गिटारवाले बडी गाय यांनी पाठीवर हात ठेवला. मे २०१९ मध्ये शिकागोच्या ॲलिगेटर कंपनीने पहिला अल्बम काढला, नाव 'किंगफिश'. ड्रमर-निर्माता टॉम हॅम्ब्रिज, एका गाण्यात स्वतः बडी गाय, काही गाण्यांत ब्लूजवाला केब मो. वय वीस. आईच त्याचा सगळा व्यवहार बघायची, ती त्याच वर्षाच्या अखेरीला वारली. दुसऱ्या अल्बमला, '६६२' ला, २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाला. ६६२ हा त्याच्या भागाचा टेलिफोन कोड. म्हणजे आमच्या कोणी अल्बमचं नाव '०२३३' ठेवावं! त्यात आईवर एक गाणं आहे, 'रॉक अँड रोल'. आवाज करत नाही ते गाणं. मी एकदाच पूर्ण ऐकलं.

बडी गाय मुंबईत फेब्रुवारी २०२३ ला शेवटचे म्हणून वांद्र्याला, मेहबूब स्टुडिओत वाजवून गेले. मी त्या शनिवार-रविवारी हळदीच्या ऑर्डरवर, तेही ऑक्टोपॅडवर. तारीख आधीच दिलेली, ॲडव्हान्स खर्चून झालेला.

माझा भाचा गेल्या वर्षापासून आमच्याबरोबर येतो. त्याला लीड गिटारच हवी, समोर, लाइटमध्ये. परवा तासगावला बेसवाला पुन्हा आला नाही. मी बेस भाच्याच्या गळ्यात घातला आणि स्वतः ढोलकी ओढली.

"मामा, मला यातलं काही येत नाही."

"चार सूर येतात ना? ढोलकीच्या घुमाऱ्याबरोबर पाय हलव आणि तेवढेच वाजव."

पहिली तीन गाणी तो पुढे पळत होता. चौथ्याला नवरदेवाच्या मावशा उठल्या, त्यांनी ठेका धरला, आणि पोरगा पहिल्यांदा फ्रेट सोडून त्यांच्या पायांकडे बघायला लागला. घरी येताना टेम्पोत म्हणाला, "मामा, तो जाडा गिटारवाला कोण म्हणालात?"

मी फोन त्याच्याकडे दिला. अण्णा झोपले होते.